तुमच्या माघारी कुणाचं नाव?

माझं माह्यार रहिमतपूरचं, लगीन करून आले ती हितं लोणंदला. आमचं हे भट्टीवर, लोखंड वितळवून पंपाचं भाग वतायचं काम. काय सांगू तुमास्नी ताई, माणूस लय मायेचा. पोटी लेकरू न्हाई झालं, पन त्यावरनं कवा एक शब्द बोललं न्हाईत. रुसायचं मातूर भारी, भाजीत मीठ कमी पडलं की ताट सारून बसायचं, मग मीच हसवायची.

तर भट्टी ल्हान, फंडाची सक्ती न्हवती, ज्येला पायजे त्येनं नाव घालायचं. हापिसातलं साहेब म्हनालं, पगारातलं थोडं कापू, तेवडंच आमी घालू, म्हातारपनाला व्हईल, आन तुमच्या माघारी कुणाला द्याचं त्येचं नाव सांगा. माघारी म्हनल्याव ह्येंचं डोस्कंच फिरलं. त्यात संक्रांत, मी नव्या बांगड्या भरलेल्या. घरी येऊन म्हनालं, त्या साहेबाला अक्कल हाय का, मी जित्ता हाय आन माझ्याच तोंडानं तुला इधवा करायला निगालाय. मी बी देवाला हात जोडलं, म्हनलं नगंच ती इडापिडा. शेजारच्या हसीनाचा नवराबी ह्याच भट्टीवर, त्येनं नाव घातलं, तवा आमी दोघं त्येला हसलो. आवं, आमाला ती मायाच वाटली, आन व्हती बी मायाच.

मग एक दिस भट्टीम्होरंच ह्येंच्या छातीत कळ आली. दवाखान्यापातुर सुदिक पोचलं न्हाईत. म्होरं हसीनाचा नवराबी गेला. तिला त्या फंडातनं म्हैन्याला पेन्शन येती, आन मी त्याच भट्टीत झाडू मारती. पेन्शन आली की हसीना माझ्याकडं बघत न्हाई, लाजती बिचारी. मला पैशाचं न्हाई ओ, पन तिला अजून नवरा खायाला घालतोय, त्येचं लय वाईट वाटतं.

परवा नवं साहेब आलं. म्हनालं, मावशी, तुमचंबी नाव फंडात घालू, तुमच्या माघारी कुणाचं लावू? जल्मात मी ह्येंचं नाव घेतलं न्हवतं, उखान्याबिगर. त्या दिशी घेतलं, दिनकर. साहेब हळूच म्हनालं, मावशी, ती न्हाईत आता, जित्या माणसाचं सांगा. मला रडूच फुटलं. जित्तं कोन हाय माझं? कागदावर नावाची जागा तशीच रिकामी ऱ्हायलीय बगा.

तुमचं कुंकू जल्मभर ऱ्हावं ताई. पन घरी गेल्याव दाजींना म्हनावं, नाव घाला, भ्याचं न्हाई. आमी न्हवतं घातलं, तरी ती गेलंच.