बादलीतलं बीट

...आणि वर मलाच म्हणतोय, "बादल्या हलवा." कुटं हलवू? डोक्यावर घेऊन हापिसात जाऊ? तुमाला सांगतो, शेजारी बहिरा असावा, भांडकुदळ असावा, पण आमच्या खालच्या वीरभद्रप्पासारखा नसावा. अहो, हाय काय त्या गच्चीच्या कठड्याला? रंगाच्या रिकाम्या बादल्या, बुडाला भोकं पाडलेल्या, आणि त्यात बीट. हौस न्हाय ती. आमच्या हिच्या, प्रियदर्शनीच्या, अंगात रक्त कमी. डॉक्टर म्हणले, बीट द्या. आता शहाण्या माणसानं मंडईत जावं का न्हाय? मी म्हणलं, घरीच पिकवतो की. केम गावचा, शेतकऱ्याच्या घरातला माणूस हाय मी, मला शेती शिकवू नका.

दिवाळी झाली आणि बी टाकलं. आता ह्या बीटाची खोड अशी, एका बियातनं दोन-दोन, तीन-तीन कोंब येत्यात. ही म्हणली, "अहो, दाटी झालीय, थोडी उपटा." आलेलं पीक उपटायचं? शेवटी उपटली, पण चार दिवस जेवण गोड लागलं न्हाय. त्यात सोलापूरचं पाणी, नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. मी आंघोळीला काटकसर करून बीटाला घालतोय, आणि ते बादलीतनं झिरपून नेमकं वीरभद्रप्पाच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या धोतरावर. आला वर. "ओ अजिनाथ, हे धोतर हाय का शेणाचं पोतेरं?" मी म्हणलं, गॅलरी तुमची, धोतर तुमचं, मग वाळत घालताना वर बघायचं कुणी?

झालं. बोलणं बंद.

पाला मात्र असा माजला, लालबुंद देठं, तळहातापेक्षा रुंद पानं... आणि एका संध्याकाळी बघतोय तर निम्मी गायब. पाखरं असतील म्हणून जाळी टाकली. जाळी तशीच, पानं गायब. उंदीर म्हणावा तर उंदीर काय देठ मोडून नेतोय? एक बीट उपटून बघितलं तर खाली गोटीएवढं बोंड. पाला गेल्यावर कंद पोसणार कशावर? केमचा माणूस हाय मी, एवढं कळतंय मला. आणि हे पण कळलं, की हे डूख धरून कोण करतंय. गेलो खाली. वीरभद्रप्पा म्हणाला, "तुमच्या बादलीतला पाला मी चोरू? आमच्या घरात रोज ताजा पालक शिजतोय."

मग मी रजा टाकली. दुपारी पाण्याच्या टाकीमागं बसलो. ऊन असं, की टाळूवर भाकरी भाजावी. आणि आली की... वीरभद्रप्पाची आई. गिरिजाबाई. ऐंशीच्या पुढची बाई, गुडघं धरत जिना चढली, जाळी उचलली, शांतपणे पानं मोडून ओच्यात भरायला लागली. मी पुढं झालो. म्हणलं, "गिरिजाबाई, हे काय?"

"अय्यो, पल्या करायला, पाल्याची भाजी," ती म्हणली. "तू तर नुसतं पाणी घालतोस, खात न्हाईस. वाया जातंय की."

तेवढ्यात परत धोतराचं भांडण घेऊन वीरभद्रप्पा वर आला. आईकडं बघितलं, ओच्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "आई, तू पालक म्हणलीस की."

"तुला सांगितलं असतं तर खाल्लं असतंस व्हय?"

आता सांगा, भांडायचं कुणाशी? तो मान खाली घालून निघून गेला. तिनं संध्याकाळी वाटीभर भाजी वर धाडली, लसणाची फोडणी दिलेली. हिनं खाल्ली, आणि मला विचारती कशी, "हे आपल्याला का सुचलं न्हाय?" केमचा माणूस मी. उरलेली वाटी पुसून खाल्ली.

तवापासनं पाला मीच तोडून खाली नेऊन देतो, आणि हिच्यासाठी बीट मंडईतनं आणतो. काल पानं द्यायला गेलो तर गिरिजाबाईनं जुडी हातात घेतली, उलटी-पालटी करून बघितली, आणि म्हणली, "अजिनाथ, रोज हेच खाऊन कंटाळा आलाय बघ. पुढच्या बारीला मेथी लाव."

पेरलीय.