फलाट सातच्या बाकावरचा खोका

मी, वय ५७ वर्षे, धंदा नोकरी (बस स्थानकावर गाड्यांची घोषणा करणे), राहणार स्थानकामागची कर्मचारी वसाहत, दुसरा मजला, जिन्याला लागून असलेली खोली, आज मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी नवऱ्यासोबत राहते. नवरा याच स्थानकातून कंडक्टर म्हणून निवृत्त झाला आहे. माझी ड्युटी दुपारी दोन ते रात्री आठ अशी असते.

माझे वरचे सगळे दात पाच वर्षांपूर्वी हिरड्यांच्या आजाराने गेले. कवळी बसवली, पण ती माईकपुढे दगा द्यायची. एकदा 'फलाट' म्हणताना ती टेबलावर पडली आणि तो आवाज साऱ्या स्थानकाने ऐकला. त्यानंतर मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवण्यात आलं. तिथे मी दोन वर्षं छत्र्या आणि एकेकटे बूट सांभाळले. मला ते दिवस आठवत नाहीत, छत्र्या आठवतात.

मागच्या वर्षी इम्प्लांट करून घेतले. वरच्या जबड्याच्या हाडात सहा स्क्रू बसवले. हाडाने ते धरायला पाच महिने घेतले, मग त्यांवर दातांची अख्खी ओळ पक्की केली. त्याआधी डॉक्टरांनी माझा जुना हसरा फोटो मागितला होता. माझ्या एकाही फोटोत दात दिसत नाहीत. डॉक्टर म्हणाले, "मग लॅबवाल्यांवर सोडू. हात चांगला आहे त्यांचा." दात आले ते एकसारखे पांढरे खडे नव्हते. समोरच्या दोघांत बारीकशी फट होती, अगदी खऱ्यासारखी. मला ते फार आवडले.

फटीमुळे 'स' म्हटला की मागून बारीक शिट्टी येते. नवरा म्हणाला, "बरं झालं, आता गाडी मागे घ्यायला कंडक्टर नको." मला माईक परत मिळाला. माझी केबिन वर, काचेची आहे. दुपारी खाली सगळे पेंगत असतात, पंखेसुद्धा. माझा आवाज पत्र्याखालून फिरून थोडा उशिरा माझ्याकडे परत येतो. आधी तो माझाच असायचा. नव्या दातांनंतर वाटू लागलं की खालून कोणी दुसरी बाई ओ देते आहे. तिचा आवाज ऐकायला मी उगाच दोन शब्द जास्त बोलायचे. इथे जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार बाई म्हणाल्या, "हे लिहायला नको." मी म्हटलं, "लिहा, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही."

सुमारे दोन महिन्यांपासून एक इसम रोज चारच्या सुमारास फलाट सातच्या बाकावर येऊन बसत असे. इसम हा शब्द हवालदार बाईंचा आहे. साठीचे गृहस्थ होते, शर्टाच्या बाह्यांवर पांढरी भुकटी असायची. ते डोळे मिटून बसत आणि सव्वासहाची गाडी सुटली की उठून जात. ती गाडी त्यांनी एकदाही पकडली नाही.

गेल्या शुक्रवारी आमचे कंट्रोलर म्हणाले, "बाई, शिट्टीच्या दोन लेखी तक्रारी आल्यात. फट बुजवून घ्या, नाहीतर छत्र्या आहेतच." त्यावर मी डॉक्टरांकडे येत्या गुरुवारची वेळ घेतली.

आज पाच वाजून दहा मिनिटांनी बाकावर ते गृहस्थ नव्हते. सुतळीने बांधलेला एक खोका होता. बेवारस वस्तूबद्दल जो नियम आहे त्याप्रमाणे मी फलाट सात रिकामा करायला तीनदा सांगितलं आणि ठाण्याला फोन केला. पोलिसांनी खोका उघडला, तेव्हा मी खाली आले होते. आत मऊ फडक्यात प्लास्टरचा वरचा जबडा होता, दातांसकट. खाली पेन्सिलीने 'घरची' असं लिहिलेलं होतं. समोरच्या दोन दातांत फट होती. मी जीभ माझ्या फटीला लावून पाहिली. तेवढ्यात पाण्याच्या नळाकडून ते गृहस्थ धावत आले. "अहो, हळू! तुटेल ते!"

इथे ठाण्यात त्यांनी माझ्यासमोर सांगितलं ते असं. ते त्या लॅबमधले दात करणारे कारागीर आहेत. काम शिकताना बायकोच्या दातांचा साचा घेतला होता, तोच हा. तिला जाऊन चार वर्षं झाली. "तुमचा फोटो नव्हता ना ताई, म्हणून हा समोर ठेवला. मुद्दाम नाही केलं. हातच तिकडे गेला. मग एकदा गाडीसाठी थांबलो होतो, आणि वरून तीच बोलायला लागली." गुरुवारचं काम त्यांच्याकडेच आलं आहे. त्याआधी मला खरं काय ते सांगायला ते साचा घेऊन आले होते. जिना चढायचा धीर झाला नाही, म्हणून पाणी प्यायला गेले.

मला राग आला. तोंड माझं, आणि मलाच पत्ता नाही. पण त्यांनी खोका मांडीवर घेतला होता आणि सुतळी पुन्हा बांधता येत नव्हती. राग टिकला नाही. मी सुतळी बांधून दिली. तक्रारींचं आणि छत्र्यांच्या खोलीचं त्यांना सांगितलं. विचारलं, "राहू द्यायची का फट?"

त्यांनी गाठ एकदा ओढून पाहिली. मग म्हणाले, "नको. त्या खोलीत तुम्हाला परत बसवतील. मीच बुजवतो, नीट बुजवतो."

माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. खोका त्यांना परत द्यावा. गुरुवारी फट बुजवली जाईल. माईक मी सोडू शकत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं, असंही लिहावं.

जबाब वाचून दाखवायची रीत आहे. हवालदार बाईंनी कागद उचलला, तो मी मागून घेतला आणि दार उघडं ठेवायला सांगितलं. ते गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचते आहे. मी सांगितलं तसंच उतरलं आहे, एकही शब्द गाळलेला नाही. आज सव्वासहाला मी इथे होते, त्यामुळे माझी एक घोषणा राहिली. ती इथे जोडावी:

सव्वासहाची गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे. सर्व प्रवाशांनी सावकाश बसून घ्यावं. सगळे बसल्याशिवाय गाडी सुटणार नाही.

सही.