त्यांना सांगा

तुम्ही म्हणता, माणसांचं पटल्याशिवाय गावाचं काम होत नाही. आमच्या पेडण्यात येऊन बघा. आमचा वरचा वाडा आणि खालचा वाडा पालखीच्या वाटेवरून भांडले, तेव्हापासून बोलणं बंद. काजूचा डोंगर मात्र दोघांचा, आणि गेल्या उन्हाळ्यात तो अर्धा जळाला. यंदा नवा वनरक्षक सभेला आला आणि म्हणाला, "आग अडवायची पट्टी साफ करायची, तर आधी समेट करा."

खालच्या वाड्यातली शांताकाकी उठली. वरच्या वाड्यातला माझा काका तिच्यापासून दोन हातांवर बसलेला. ती वनरक्षकाला म्हणाली, "त्यांना सांगा, उद्या सातला आम्ही व्हाळाच्या काठाकडून गवत काढत येतो."

काकाही त्यालाच म्हणाला, "त्यांना सांगा, आम्ही सहालाच देवळाकडून सुरू करतो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टी मधे जुळली. काकानं पाण्याची कळशी पुढे सरकवली, काकी न बोलता प्यायली. वनरक्षक खूश. "झाला ना समेट?"

काकी कोयता पुसत म्हणाली, "कसला समेट, बाबा? बोलायचं नाही एवढंच ठरलंय. डोंगर जळू द्यायचा असं कुठं ठरलंय?"