लाडवांच्या डब्यातली आयात

“हॅलो?… हां दीपा, बोल… हो, हो, बॅग भरून झाली, सिंगापूरचं विमान साडेचारचं, गाडी एकला बोलावलीय… पूर्वी झोपलीय का? तिला सांग, मामा निघाला… अगं, कर्मकांडं सोडली आपण, पण जावळाला मामाची मांडी लागते ती लागतेच. वरून नवीन शर्ट घेतलाय त्याने… काय?… कसल्या गोळ्या?”

अक्षताने बहिणीचा फोन या कानावरून त्या कानाला नेला. परळच्या त्या दोन खोल्यांत ‘गोळ्या’ हा शब्द हळू आवाजात बोलायचा, असा चौदा महिन्यांचा रिवाज होता.

“राजूच्या?… नेतोय ना. सेंटरवाल्या नम्रता सिस्टरनी दिल्यात, पाच दिवसांच्या… नाही, एरवी हातात देत नाहीत. रोज जायचं. त्या गोळी कुटून जिभेखाली ठेवतात, विरघळेपर्यंत समोर बसवतात, मग आ करून दाखवायचं. चौदा महिने, एक खाडा नाही. परदेशी भाचीच्या जावळाला जायचंय म्हणाला, म्हणून पहिल्यांदा हातात दिल्या… विनीत काय म्हणतो?… सावकाश सांग… चालत नाही म्हणजे?… अगं, सरकारी औषध आहे ते. भारत सरकारचं. गर्द सुटावं म्हणून देतात… त्यालाच तुमच्याकडे गर्दच्या रांगेत बसवलंय?”

ती खाटेच्या कडेवर टेकली.

“थांब, मला नीट कळू दे. इथे जी गोळी घ्यायला गेला नाही तर सिस्टर घरी फोन करतात, ती तिकडे बॅगेत सापडली तर तुरुंग?… किती वर्षं?… आणि फटके? म्हणजे, खरंच?… वेताचे. कायद्यात आकडा लिहिलाय… आणि हेरॉइन असेल तर?… पंधरा ग्रॅमच्या वर फाशी. पंधरा ग्रॅम म्हणजे तीन चमचे गं, साखरेचे. तेवढी तर आई चहात घालते.”

अक्षता दादरच्या एका ग्रंथालयात कामाला होती. देशादेशांत भाषा बदलते, पैसा बदलतो, रस्त्याची बाजू बदलते, हे तिला ठाऊक होतं. माणूस तोच, गोळी तीच, आणि साडेपाच तास खिडकीशी बसून राहिलं की रुग्णाचा गुन्हेगार होतो, हे काही तिने कुठल्या भूगोलात वाचलं नव्हतं.

“बरं, विनीतला विचार, दुसरीकडे कसं असतं?… सांगतोय का तो? स्पीकरवर टाक… नको, सासूबाई आहेत, राहू दे. तूच सांग… स्वित्झर्लंडात काय देतात?… गोळी नाही, हेरॉइनच?… सरकार देतं?… दवाखान्यात, नर्सच्या समोर, वेळेवर. काहीच जमलं नाही अशांनाच, हो, कळलं… आणि पोर्तुगालात?… थोडं सापडलं तर तुरुंग नाही. समितीपुढे बसवून विचारतात, बाबा, तुला होतंय काय… खुर्ची देतात?… असंच विचारलं गं.

आपलं? आपल्याकडे दोन्ही आहे. राजूला पकडून कोर्टात उभा केला तेव्हा इकडे बेडी होती, आणि उपचार घेतो म्हणाल्यावर तिकडे गोळी. शिक्का दोन्हींवर तोच, सिंहांचा… हो, हो, अगं ऐक ना, बॅगेतून काढते मी. एक मिनिट. आई, राजूच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात ठेवल्यास?”

राधाबाईंनी बॅगेकडे पाहिलं नाही. त्यांनी लाडवांच्या डब्याकडे पाहिलं.

“दीपा… डब्यात आहेत… लाडवांच्या. डिंकाच्या. तळाला पाकीट, त्यावर मेणकागद, त्यावर दोन थर… तुझ्या सासूबाईंना दिसू नयेत म्हणून. सरोजिनीबाईंपुढे माझ्या मुलाची मान खाली नको, असं आई म्हणतेय… डॉक्टरांची चिठ्ठी होती ना सोबत. आई, चिठ्ठी?… ती काढून ठेवलीय. त्यावर ‘व्यसन’ लिहिलंय म्हणून… हसू नकोस… नाही, हसत नाहीयेस, ठाऊक आहे मला.”

राधाबाई जन्मात कधी बसने विनातिकीट गेल्या नव्हत्या. आज त्यांनी आंतरराष्ट्रीय तस्करीतली एक नामांकित पद्धत घरच्या घरी, कुणाच्या शिकवणीशिवाय शोधून काढली होती, आणि तुपाचा हात पदराला पुसत उभ्या होत्या.

“सोडून कसा येईल? पाच दिवस गोळीशिवाय?… अगं, दुसऱ्याच दिवशी घाम, उलट्या, हाडं फुटल्यासारखी दुखतात. मी पाहिलंय ना. त्या अंगाने तो पोरीला मांडीवर घेणार?… परवानगी?… आधी अर्ज करायचा असतो. मग आता दुपारच्या आत कोण देणार… रडू नकोस. तुझी चूक नाही, कुणाला सुचलं होतं?… मी सांगते त्याला… सांगायला नको, इथेच आहे. दारात. कधीचा ऐकतोय.

अगं थांब, काय करतोय बघू दे… लाडू काढतोय. एकेक, ताटात… पाकीट काढलं… आईकडे चिठ्ठी मागतोय… नाही, चिडला नाही. आईला म्हणाला, लाडू मात्र पाठव कुणाबरोबर तरी… चपला घातल्या. राजू, कुठे?… दीपा, तो सेंटरवर निघाला. गोळ्या परत द्यायला… ‘प्रवासासाठी दिल्या होत्या, प्रवास नाही,’ म्हणाला. बस, एवढंच… कोणी मागितल्या नव्हत्या गं. सिस्टर तर समजताहेत, हा पाच दिवस सिंगापुरात.”

ती फोन घेऊन गॅलरीत आली.

“उतरतोय… तुला आठवतंय, चाळीतले पितळी नळ? भरदुपारी तिन्ही मजल्यांचे नेले होते यानेच, शर्टाखाली लपवून. तेव्हा मी इथेच उभी होते. पाहिलं, आणि ओरडले नाही… आता बघ, वरच्या खिशावर हात धरून चाललाय, आत अंडं असल्यासारखा. एका पाकिटात पाच दिवस आहेत त्याच्याकडे, आणि तो ते नेऊन देतोय… देश काय करतात ते विनीतला कळतं. माणूस हे कसं करतो, ते मला कुणी सांगा.

काय?… कापणार नाहीस? मग जावळ?… वाढू दे म्हणतेस… आणि पूर्वीला घेऊन येणार? इकडे?… सासूबाईंना काय सांगशील?… सगळं? नळांसकट?… बघ हं… आत्ता?… बरं. मग आत्ताच सांग, मी मधे येत नाही.

नाही, ठेवते मी. तो फाटकाबाहेर पडला, मलाही निघायचंय… त्याच्याबरोबर… पहारा नाही गं. नम्रता सिस्टरना सांगायचं म्हणजे त्याला आणखी एकदा म्हणावं लागेल की जाणार नाही. तेवढ्याला शेजारी कोणीतरी असावं. ठेवते.”