माहेरच्या वाटेवरची मोटारसायकल

पंक्चर काढून घ्यायला गॅरेजात आलेल्या मास्तरांनी पेपर उघडला, पण कान शेजारी जुनी मोटारसायकल घेऊन आलेल्या नवरा-बायकोकडे होते.

"मेस्त्री, ही गाडी बायकोच्या माहेरच्या वाटेवर हमखास बंद पडते. बघा जरा, मी पाणी पिऊन आलो."

"वहिनी, कार्बोरेटर साफ आहे, प्लग ठिणगी देतोय. ऑफिसला जाताना पडते बंद?"

"एकदाही नाही."

"मग साहेबच गुपचूप टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करतात. थोडं चालते, मग आचके देते."

"ते मला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी कळलं."

"आणि बोलला नाहीत?"

"कशाला? हे गाडी ढकलत घरी जातात, मी बसने माहेरी. चार दिवस निवांत! गप्प बसा, आले."

"काय मेस्त्री, सापडला दोष?"

"नाही साहेब."

मास्तरांनी पेपर तोंडापुढे धरला.

"जाऊ द्या हो," वहिनींनी उसासा टाकला, "माझ्या माहेरचं आणि या गाडीचं पटतच नाही."