पाच पिना आणि कोरडी वात

कुणाला सांगू नकोस असं ताईने बजावलंय, पण तुम्ही बोलणार नाही ना? आमच्या घराखाली नानांचा कॉम्प्युटर क्लास आहे, ताई तिथे शिकवते. खंडेनवमीला नानांनी कीबोर्डची वायर काढून तिच्या प्लगलाही हळदकुंकू वाहिलं. मग वायर जोडून कॉम्प्युटर सुरू केला, तर कीबोर्डच नाही असं पडद्यावर आलं!

नाना ताईवर चिडले. "काल तर चालत होता. बिघडवला असशील तर उद्यापासून येऊ नको."

ताईने प्लग उजेडात धरला. आत सुईसारख्या पाच पिना, कुंकवाने माखलेल्या. मी पूजेच्या ताटातली कोरडी वात दिली. तिने त्या हळूच पुसल्या, वायर जोडली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. कीबोर्डवरचे तीन दिवे एकदम लुकलुकले.

"ताई, एवढ्याशा पिनांतून सगळी अक्षरं जातात?"

"सगळी. वाट मोकळी हवी, बस."

नानांनी मात्र हात जोडले. "देखं ना? हाऊ पूजाना परताप शे!" म्हणे, हा पूजेचाच प्रताप! तेव्हापासून ते रोज सकाळी त्या प्लगला…

थांबा, ताई खालून हाक मारतेय. "मंगल, कोरडी वात आण गं, लवकर!"