ट्राम येईपर्यंत

नरहर : पुन्हा "बरोबर आहे"! अगं, केव्हापासून मी घसा कोरडा करतोय आणि तू नुसती मान डोलावतेस. उद्या संध्याकाळी मंडळातल्या वादाच्या सभेत माझ्यासमोर नामदेवराव असणार आहेत. ते मान डोलवायला येणार नाहीत.

रजनी : नाही येणार. बरोबर आहे.

नरहर : एक तरी मुद्दा खोड माझा. शहरानं पैसा मेट्रोत घालावा की ट्राममध्ये, एवढा सरळ विषय आहे. मी ट्रामचा, तू मेट्रोची. जरा तालीम होईल.

रजनी : चातुर्मास संपला की खोडते. तोवर कुणाचं म्हणणं खोडायचं नाही असा नेम आहे माझा. आषाढीला रामासमोर बोलून बसले आहे.

नरहर : लोक कांदा सोडतात, वांगं सोडतात.

रजनी : ते दरवर्षीचंच. म्हटलं, यंदा सोडताना जड जाईल असं काहीतरी सोडावं.

नरहर : आणि तेही नेमकं माझं भाषण असलेल्या वर्षी!

रजनी : तुमचं भाषण नसलेलं वर्ष कुठलं हो? खोडत नाहीये, विचारतेय.

नरहर : ऐक मुकाट्यानं. मुद्दा पहिला. ट्राम रस्त्यावरून चालते. जिना चढायचा नाही, पिशवी तपासायच्या यंत्रात टाकायची नाही. गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं, आली की बसायचं. कलकत्त्याला ट्रेनिंगला होतो तेव्हा रोज असाच जायचो मी. काय तसल्ली होती जिवाला!

रजनी : किती छान. आपल्या कोठीच्या बाजारातूनसुद्धा जाईल अशीच.

नरहर : जाईलच.

रजनी : मोजेवाले, चपलावाले, जुनी पुस्तकं मांडून बसणारे, सगळे उठून बाजूला होतील. ट्राम गेली की पुन्हा बसतील बिचारे.

नरहर : हे तू माझ्या बाजूनं बोलतेयस ना?

रजनी : तुमच्याच. मध्येच एखादा ऑटोवाला रुळावर आडवा आला, तर खाली उतरून त्याला समजावता येईल. तुमचं ऐकेल तो.

नरहर : अगं, ट्रामला वेगळी पट्टी आखून द्यायची असते! सारी हयात रस्ते खात्यात गेली माझी. नीट पट्टी आखली की आत कुणी येत नाही.

रजनी : हो तर. अफझलगंजला तुम्ही आखली होती, तिच्यात कुठे कोण आलं? सीताफळांच्या तेवढ्या गाड्या लागल्या. त्याही मोसमापुरत्या.

नरहर : तो अपवाद होता.

रजनी : तुम्हीच तर पिशवीभर घेऊन आला होतात. गोड निघाली होती फार.

नरहर : मुद्दा दुसरा! खर्च. मेट्रोचा एक मैल होतो त्या पैशात ट्रामचे किती मैल रूळ पडतात, माहीत आहे? वर ते अगडबंब खांब. भर रस्त्यात उभे करून खालच्या दुकानांवर कायमची सावली पाडली.

रजनी : खरंच पाडली. मे महिन्यात तर त्या सावलीत उभं राहायला जागा मिळत नाही.

नरहर : रजनी!

रजनी : मी आपलं तुमचं म्हणणं पुढे नेतेय.

नरहर : याला पुढे नेणं म्हणत नाहीत. विहिरीच्या काठापर्यंत नेणं म्हणतात.

(फोन वाजतो. रजनी तो स्पीकरवर ठेवते.)

केतकी : आई, मी केतकी. खिरीला तांदळाची पिठी तू घेऊन ये हं. इथे मिक्सरमध्ये काय की बरोबर होत नाही, कणी राहते.

रजनी : आणते गं. चांदीची वाटीसुद्धा घासून ठेवली आहे.

केतकी : बाबा आहेत ना तिथं? बाबा, आता फायनल सांगा. परवा सकाळी मुहूर्त, गुरुजी एकदम टायमावर येतात. उष्टावणाला पहिला घास आजोळच्या मांडीवर बसवून देतात ना, मामा नाहीतर आजोबा? आपला अविनाशदादा तर कॅनडातून व्हिडिओवर बघणार. तो कुठून मांडी देणार?

नरहर : बघू गं.

केतकी : बघू नक्को, बाबा. माझी पोट्टी तुमच्या घरून इकडे मियापूरला आली, तेव्हापासून तुम्ही एकदा पण आला नाहीत. आता ती बसते. उशी लावून बसवली की राणीसारखी सगळ्यांकडं बघते.

नरहर : बसते? बरं... हे बघ, गाडीनं यायचं तर या गर्दीत दोन तास. मला एवढा वेळ बसवत नाही, तुला ठाऊक आहे. मध्ये थांबायला जागा मिळत नाही.

केतकी : गाडीचं कोण बोलतंय? कोठीवरून मेट्रो डायरेक्ट आहे. एक तास पण लागत नाही. आई नाही का येत दर आठवड्याला?

नरहर : मेट्रोशी माझे मतभेद आहेत. उद्या मंडळात ट्रामची तरफदारी करायची आणि परवा मेट्रोत जाऊन बसायचं? काही तत्त्व असतं की नाही माणसाला? ट्राम असती तर आलो असतो.

केतकी : आई, तू बोल ना कायतरी!

रजनी : त्यांचं बरोबर आहे. तू असं कर, ट्रामचे रूळ पडेपर्यंत पोरीला काही चारूच नकोस.

केतकी : तोपर्यंत ती इंजिनिअर होईल!

रजनी : मग झालंच की. रूळ तीच टाकेल.

केतकी : अगं आई, मी सीरियस आहे! हे बघा बाबा, तुम्ही नाही आलात तर माझे सासरे म्हणतात, मी घेतो मांडीवर.

नरहर : कोण, एकनाथराव?

केतकी : हौ. त्यांनी तर जरीकाठी धोतर पण इस्त्री करून ठेवलंय.

नरहर : बघू म्हटलं ना. ठेव आता.

रजनी : ठेवला तिनं.

नरहर : धोतर इस्त्री करून ठेवलं! अजून आपण नाही म्हटलेलं नाही आणि यांचं धोतर तयार!

रजनी : हौशी माणूस.

नरहर : त्यांचा हात थरथरतो. पोरीच्या नाकात जाईल खीर.

रजनी : थरथरतो खरा.

नरहर : मग तू तिला सांगितलं का नाहीस, बाबा येतील म्हणून?

रजनी : तुम्ही येणार नाही म्हणालात. मी कसं खोडू?

नरहर : फार दुष्ट नेम आहे हा तुझा.

रजनी : आहे.

नरहर : जाऊ दे. आधी उद्याचं पाहू. हे बघ, मला एक युक्ती सुचली. तू रजनी म्हणून बोलूच नकोस, नामदेवराव म्हणून बोल. म्हणणं त्यांचं, तोंड तेवढं तुझं. यात तुझा नेम कुठे मोडतो?

रजनी : थांबा, विचार करू दे... कीर्तनात बुवा रावणाचं बोलणं म्हणून दाखवतात, त्याचा दोष बुवांना लागत नाही. चालेल.

नरहर : वा! या, नामदेवराव. बसा.

रजनी : नमस्कार, नरहरराव. जरा उशीर झाला. स्कूटर लावायला जागा मिळेना.

नरहर : हां! मेट्रोचं कौतुक करायला स्कूटरवरून आलात! हे मी उद्या भर सभेत बोलणार.

रजनी : जरूर बोला. मग मीही एक विचारतो. तुम्ही मेट्रोत शेवटचे कधी बसला होतात?

नरहर : तो मुद्दा नाही.

रजनी : मला तर तोच मुद्दा दिसतो. ज्या गाडीत बसत नाही, तिच्यात खोट कुठे ते कसं कळलं तुम्हाला?

नरहर : बसलो होतो. गेल्या दसऱ्याला.

रजनी : त्यानंतर का नाही?

नरहर : नामदेवराव असं विचारणार नाहीत.

रजनी : विचारतोय ना मी. शिवाय परवा नातीचं उष्टावण आहे म्हणे. तिकडे कसे जाणार आहात?

नरहर : रजनी, पुरे.

रजनी : रजनीवहिनी आत आहेत. पिठी चाळताहेत.

नरहर : तुझा राम तुला असलं शिकवतो? बोला आणखी काय ते, नामदेवराव.

रजनी : त्यांचं विचारून झालं. आता ते ऐकताहेत.

नरहर : तू होतीस की तिथं. तो सरकता जिना. तू मागे राहिलीस म्हणून वळून हाक मारायला गेलो, पाय पायरीच्या कडेवर पडला आणि मी तिथंच बसलो. जिना आपला चाललाय वर, आणि मी बसलेला. पालखीत बसल्यासारखा. वर पोचलो तर कॉलेजातल्या एका मुलीनं काखेत हात घालून उठवलं. "अंकल, पैली बार आए क्या?" अगं, अर्ध्या शहराचे रस्ते मी मोजलेत!

रजनी : लागलं असेल तुम्हाला.

नरहर : लागलं नाही, तीच तर पंचाईत. लागलं असतं तर चारचौघांत सांगता आलं असतं.

रजनी : मला वाटलं, तुम्ही मेट्रोवर रागावला आहात.

नरहर : रागावलेलं बरं असतं. चार लोक ऐकून घेतात, भाषणाला बोलावतात. जिन्यापाशी उभं राहिलं की आपली पायरी कुठली तेच कळत नाही, हे कुठल्या मंडळात सांगू? पाय उचलतो तोवर ती गेलेली असते. मागून लोक "चलो चलो" करतात.

रजनी : नामदेवरावांना अजून एक बोलायचं आहे. बोलू देऊ का?

नरहर : बोला.

रजनी : स्टेशनावर लिफ्ट असते.

नरहर : ती आजाऱ्यांसाठी आणि बाबागाडीवाल्यांसाठी. मी चांगला धडधाकट माणूस. लिफ्टपाशी रांगेत उभा राहू?

रजनी : वहिनींजवळ परवा पिठीचा डबा असेल, चांदीची वाटी असेल, आणि आजोळचा शिसवी पाटही असेल. एवढं घेऊन त्यांना एकटीला जाऊ देणार?

नरहर : तो पाट? तो तुला उचलतो तरी का?

रजनी : नाही उचलत.

नरहर : मग सांगायचं नाही?

रजनी : कुणाला सांगू? तुम्ही तर येणार नव्हतात.

नरहर : लिफ्टचं दार फटकन बंद होतं का गं?

रजनी : मी बटण दाबून धरीन. तुम्ही आत आलात की सोडीन.

नरहर : उद्या सकाळी एकदा जाऊन येऊ. नामपल्लीपर्यंत आणि परत. पाट न घेता.

रजनी : बरं.

नरहर : मंडळात कुणाला कळता कामा नये. संध्याकाळी मी ट्रामच्याच बाजूनं बोलणार. ट्राम चांगलीच असते.

रजनी : असतेच. मलाही आवडेल की गल्लीच्या तोंडाशी ट्राममध्ये बसायला. फक्त ती येईपर्यंत घरात बसून राहावंसं वाटत नाही.

नरहर : हं. केतकीला लाव पुन्हा.

केतकी : हां बाबा, बोला.

नरहर : एकनाथरावांना सांग, धोतर जरूर नेसा, माझ्या शेजारी बसा. मांडी माझी.

केतकी : खरंच? कसे येणार तुम्ही?

नरहर : ते तुझी आई आणि मी बघून घेऊ. आणि हे बघ, परवा सकाळी पोरीला पोटभर दूध पाजू नकोस. थोडी भूक राहू दे.